घरात गाडी एक, सीटा तीन

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक गाठोडे खाली आले. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेले, सुतळीने बांधलेले. वजनाला फार नाही, पण आकाराने अवघड. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाटले, आजोबांची बाजाची पेटी असावी. तिने सुतळी सोडली, तर आतून मोटारसायकलच्या दोन सीटा निघाल्या. एक काळी, साधी, कंपनीची. दुसरी तपकिरी, चौकटी-चौकटीच्या शिलाईची, कडेने पांढरा दोरा फिरवलेली.

"आई, हे भंगारात द्यायचं ना?"

"काळी ठेव. तपकिरीचं बाबांना विचार," आई ओट्यापासूनच म्हणाली. "आणि विचारताना जरा बेतानं विचार."

खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर तिसरीच सीट होती. एका गाडीच्या तीन सीटा कशा झाल्या, ती हकीगत सांगण्यासारखी आहे. कारण ज्या घरात दुचाकी आहे त्या घरात मागे बसणारे माणूसही असतेच, आणि ते कसे बसले आहे हे पुढच्याला बहुधा दिसत नाही.

ही गाडी घरात आली 2018 च्या दसऱ्याला. त्याआधी वीस वर्षे या गृहस्थांनी शंभर सीसीच्या गाडीवर पुण्यातल्या बँकेची नोकरी केली होती. ती जुनी गाडी दिसायला सामान्य, पण तिची सीट म्हणजे शाळेतले बाक! लांब, सपाट, पुढून मागे एकाच उंचीची. तिच्यावर नवरा-बायको, मध्ये मुलगी आणि हँडलला भाजीची पिशवी असा संसार चालला. (कायद्याने मागे एकच माणूस बसवता येते, 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 128 वे कलम तसे स्पष्ट सांगते. पण त्या काळात तीन माणसांच्या कुटुंबाकडे पोलीसही जरा दुर्लक्षच करीत.) मुलगी मोठी झाली, तिला स्वतःची स्कूटर आली, आणि बाबांनी पंचविशीपासून मनात धरून ठेवलेली जाडजूड, धडधडत चालणारी गाडी पन्नाशीच्या उंबरठ्यावर घेतली.

गाडीला कामही होते. बाईंचे माहेर वाईजवळ. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी. बँकांना 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, तेव्हापासून या दोघांचा नेम ठरला होता. सकाळी सहाला निघायचे, शिरवळला चहा, खंबाटकीचा घाट, सुरूर फाट्याला वळायचे आणि नवाच्या आत आईच्या हातचे पोहे. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. ते जुन्या गाडीने रडतखडत कापले जाई. नव्या गाडीने ते सुखात कापले जावे, एवढीच अपेक्षा होती.

पुढे बसणाऱ्याचे सुखात कापले गेले. मागे मात्र पाऊण वीतभर रुंदीची, पुढच्या सीटपेक्षा उंच आणि वरून किंचित फुगीर अशी एक गादी होती. शिरवळ येईपर्यंत बाईंच्या कमरेखालचा भाग बधिर होई. चहा त्या उभ्यानेच घेत.

यात एकट्या कुणा कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुचाकीच्या सीटचा प्रवासच तसा झाला आहे. जुन्या बुलेटवर चालवणाऱ्यासाठी स्प्रिंगांवर बसवलेले एकटे खोगीर असे, मागच्याची व्यवस्था वेगळी. जुन्या स्कूटरवरही दोन सुट्या सीटा असत. पुढची नवऱ्याची, मागची बायकोची. ऐंशी-नव्वदच्या दशकात शंभर सीसीच्या गाड्या घरोघर पोचल्या आणि लांब, सपाट सीट सर्वमान्य झाली. मग 2000 नंतर गाड्यांना शर्यतीच्या गाडीचा तोंडवळा हवासा वाटू लागला. शेपूट वर गेले, मागची सीट चढली, आखडली, काही गाड्यांवर तर दोन तुकडे होऊन वेगळीच झाली. शोरूममध्ये गाडीवर बसून बघतो तो पुढचा माणूस. पैसे तो देतो. मागे बसणारे माणूस त्या वेळी सोफ्यावर बसून पेढ्याचा बॉक्स सांभाळत असते!

शिवाय कंपनीची सीट कुणा एकासाठी बनलेली नसते. पन्नास किलोचा मुलगा आणि शंभर किलोचा पैलवान, दोघांना तीच. पाच-सहा वर्षे ऊन-पाऊस सोसून ती फाटता कामा नये, आत पाणी जाता कामा नये, आणि किंमतही आवाक्यात राहायला हवी. म्हणून तिचा फोम साच्यात एकसंध ओतलेला असतो, कव्हर कमीत कमी शिवणीचे असते. ती कुणालाच शंभर टक्के मापाची होत नाही, पण कुणाला दगाही देत नाही. हे शहाणपण मात्र घरात नंतर आले.

2019 च्या जानेवारीत बाबा एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले ते हेल्मेटची काच बदलायला. तिथे ही तपकिरी सीट टांगलेली होती. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, कम्फर्ट तर आहेच, पण लूक बघा ना!" काकांनी लूक बघितला. किंमत साडेचार हजार. बायकोची कमर दुखते, तिच्यासाठी घेतो आहोत, असे त्यांनी स्वतःला सांगितले. आणि त्यांना ते त्या वेळी खरेच वाटत होते, हेही नमूद करायला हवे. सीट बसेना, कारण मागचे धरायचे लोखंडी हँडल आडवे येत होते. मुलाने ते पान्याने सोडवले आणि पिशवीत घालून दिले. "ह्याची गरज नसते काका. गाडी क्लीन दिसते."

आता खरे म्हणजे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम नेमका याच गोष्टीचा आहे. मागे बसणाऱ्याला धरण्यासाठी कायमचे हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, एवढे हवेच. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. कुणा कारकुनाला हौस म्हणून हा नियम लिहिलेला नाही. पण गाडी 'क्लीन' दिसण्याच्या नादात सर्वांत आधी जातात त्या याच दोन वस्तू.

बाईंनी सीट बघितली. "छान आहे," म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीतला चौथा शनिवार. माहेरी जाताना त्या साडी नेसत, कारण आईला आवडते. आणि साडी म्हणजे एका बाजूला बसणे आले. एका बाजूला बसले की सगळा भार सीटच्या एका कडेवर येतो. तपकिरी सीट कडेने गोलाकार उतरती होती. खंबाटकी चढताना त्या दोनदा मागे सरकल्या आणि पुन्हा पुढे आल्या. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर एक गतिरोधक आला, पट्टे पुसलेला. गाडी उडाली, बाई सीटवरून जवळजवळ सुटल्या. उजवा हात सवयीने हँडलकडे गेला. हँडल नव्हते. तो हात नवऱ्याच्या शर्टाला लागला आणि वरची दोन बटणे तटातट तुटली.

"अगं, शर्ट!" ते म्हणाले.

एवढेच बोलणे झाले. त्या पुन्हा नीट बसल्या. घरी पोचल्यावर आईने जावयाच्या शर्टाला बटणे लावून दिली.

त्यानंतर बाईंना शनिवारी कामे निघू लागली. शाळेचे पेपर तपासायचे आहेत. भिशी आहे. मुलीची परीक्षा आहे. मध्ये एकदा त्या स्वारगेटवरून एस.टी.ने जाऊन आल्या, पण वाईच्या स्टँडवरून गावापर्यंतच्या रिक्षाची कटकट आणि परतीच्या गर्दीत उभे राहणे, यात दिवस गेला. एप्रिलपासून तेही थांबले. बाबांना वाटले, हिला आताशा माहेरची ओढ राहिलेली नाही. संसारात पंचवीस वर्षांनी अशा समजुती फार सहज होतात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तपकिरी सीटने दुसरा गुण दाखवला. चौकटींची ती देखणी शिलाई म्हणजे सुईची शेकडो भोके. प्रत्येक भोकातून पाणी आत, आणि आतला फोम ते पाणी पिऊन बसलेला. वरून फडक्याने पुसली तर कोरडी, पण बसले की दाबाने पाणी वर. बाबा बँकेत ओल्या पँटने जाऊ लागले. शिपायाने एकदा काळजीने विचारले, "साहेब, डॉक्टरला दाखवलं का?"

हे हसण्यावारी गेले. जुलैत जे कळले ते गेले नाही. गावाहून शेजाऱ्याचा फोन आला, की आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, मनगट मोडले आहे, प्लास्टर घातले आहे. कधी? तीन आठवडे झाले. आजींनीच कुणाला कळवू दिले नव्हते. "लेक कामात आहे, उगीच जीव टांगणीला लागेल," म्हणत होत्या.

त्या दिवशी दोघे एस.टी.ने गेले. बाई स्वयंपाकघरात असताना आजींनी ओसरीवर जावयाला जवळ बसवले.

"जावईबापू, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"तिला तुमच्या गाडीवर भीती वाटते. त्या दिवशी पडता पडता वाचली. मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस, हौसेनं घेतलीय त्यांनी."

बाबा बराच वेळ ओसरीवरच बसून राहिले. चार महिने आईकडे न येण्याचे कारण पेपर नव्हते, भिशी नव्हती. कारण साडेचार हजारांना विकत आणलेले होते आणि ते त्यांनीच आणले होते.

पुण्याला आल्यावर रात्रीच त्यांनी पार्किंगच्या दिव्याखाली तपकिरी सीट उतरवली, पिशवी शोधून हँडल जागेवर बसवले आणि कंपनीची काळी सीट चढवली. भीतीचा प्रश्न बराचसा त्यात सुटला. दुखण्याचा नाही. डॉक्टरांनी बाईंना तपासून सांगितले की त्रास माकडहाडाचा आहे. माणूस नीट बसला की भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो, आणि त्या दोन हाडांना पुरेल एवढी रुंद, सपाट जागा खाली हवी. जागा अरुंद आणि फुगीर असली की भार नको तिथे जातो. एका अंगाने बसले तर कंबरही पिळली जाते. "शक्यतो दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. आणि सीट बदलून घ्या, मऊ नको, नीट घ्या," असे ते म्हणाले. मऊ आणि नीट यांतला फरक काय, ते त्यांनी सांगितले नाही. तो नाना पेठेत कळला.

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. दिल्लीला करोल बाग, बंगळुरूला जे. सी. रोड, तसे हे. त्या गल्ल्यांत सीटा शिवणारेही आहेत. त्यांतल्या एका सहा फुटी गाळ्यात एक म्हातारे चाचा, एक शिवणयंत्र आणि छतापर्यंत रचलेले फोमचे तुकडे. बाबांनी सीट पुढे केली आणि म्हणाले, "मागे चांगला मऊ फोम घाला."

चाचांनी सीटकडे पाहिलेच नाही. "बसणार कोण?"

"मिसेस."

"मग भाभींना आणा. सीट शिवायची म्हणजे ब्लाउज शिवण्यासारखं आहे साहेब. माप माणसाचं घेतात, कापडाचं नाही."

पुढच्या खेपेला बाई गेल्या. चाचांनी दोघांना गाडीवर बसायला लावले आणि स्वतः मात्र खाली वाकून मागचे शॉकॲब्सॉर्बर बघू लागले. दोघे बसले की गाडी मागून किती दबते ते त्यांनी बघितले आणि टूलकिटमधला आकड्यासारखा पाना मागून घेऊन दोन्ही बाजूंचे शॉक दोन दोन खाचा कडक केले. मग मागच्या टायरची हवा विचारली. दोघे बसणार असतील तर मागे हवा जास्त लागते, गाडीच्या पुस्तकात दोन्ही आकडे दिलेले असतात. बाबा वर्षभर एकट्याच्याच आकड्याने हवा भरत होते. "अर्धं दुखणं इथलंच आहे," चाचा म्हणाले. "लोक सीट बदलत बसतात." जो माणूस सीटा शिवून पोट भरतो तो आधी सीट न शिवता होण्यासारखे काम करून देतो, याचे बाईंना फार कौतुक वाटले.

मग त्यांनी अंगठ्याने आणि मुठीने दोन-तीन तुकडे दाबून दाखवले. पहिला लोण्यासारखा मऊ. मूठ टेकवली तर सरळ खालच्या फळीला लागली. "दुकानात दोन मिनिटं बसलात तर हाच आवडणार. अर्ध्या तासानं तुम्ही फोमवर नाही, पत्र्यावर बसलेले असता." दुसरा जड होता, पण दाबला तर दबला आणि हळूहळू परत वर आला. गादीवाले ज्याला डेन्सिटी म्हणतात ती फोमचे वजन सांगते, कडकपणा नव्हे. जड फोम टिकतो, पण तो कडकच असेल असे नाही, हे चाचांच्या तोंडून कळले. तिसरा रंगीबेरंगी, फोमच्या चुऱ्याचे तुकडे चिकटवून दाबलेला, रिबाँडेड. तो खाली आधाराला, वर दुसरा, असा त्यांचा बेत होता. जेलचे पॅड घालतात ते कसे, असे बाबांनी विचारले. चाचा म्हणाले, उन्हात गाडी उभी राहिली की ते तव्यासारखे तापते आणि लवकर निवत नाही. हवेच्या उशा? "लांब पल्ल्याला चालतात, पण हवा जरा जास्त झाली की बसणारा डुलतो. भाभी एकदा घाबरल्यात ना? मग डुलणारी वस्तू नको." भाभी घाबरल्याचे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मागे बसताना त्यांनी दोन्ही हातांनी हँडल कसे धरले, ते त्यांनी बघितले होते.

मराठीत निरुपयोगी मजकुराला खोगीरभरती म्हणतात. मूळच्या खोगीरभरतीला म्हणजे खोगिरात नीट, घोड्याच्या आणि स्वाराच्या अंगाप्रमाणे भर घालण्याला किती अक्कल लागत असेल, ते त्या गाळ्यात बसल्यावर लक्षात येते. शब्दावर उगीचच अन्याय झाला आहे.

कंपनीची सीट फाडायला चाचांनी साफ नकार दिला. "ती तशीच ठेवा. गाडी विकताना लागेल, आणि माझं काम पसंत नाही पडलं तरी लागेल." जुन्या बाजारातून त्याच गाडीचा नुसता सीटचा साचा त्यांनी सहाशे रुपयांत आणवला आणि त्यावर काम सुरू केले. मागची जागा दोन्ही अंगांना थोडी रुंद केली, वरचा फुगवटा कापून सपाट केला, मागच्या कडेला बोटभर उंचवटा ठेवला. पण मागची सीट पुढच्यापेक्षा फार उंच नको आणि पुढची उतरतीही नको, म्हणजे मागचे माणूस ब्रेकसरशी पुढच्यावर घसरत नाही. दोन्ही साधायचे तर जागा कुठून तरी काढावी लागते. करवतीच्या पात्याने चाचांनी पुढच्या सीटची मागची बाजू दोन इंच आखडली.

"साहेब, तुमचं थोडं गेलं."

"जाऊ दे," साहेब म्हणाले.

वरचे कव्हर साधे काळे, शिवणी फक्त बाजूंना, आतून प्लास्टिकचा कागद. मध्ये धरायला आडवा पट्टा. साच्याखालच्या रबरी गुट्ट्या झिजल्या होत्या त्या नव्या बसवल्या, नाहीतर सीट फ्रेमवर डुगडुगते. एकूण खर्च बावीसशे. तपकिरीच्या निम्म्याहून कमी.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दोघे सकाळी सहाला निघाले. बाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता. आईसाठीची साडी पिशवीत होती, तिथे जाऊन नेसायला. खेड शिवापूर गेले, कापूरहोळ गेले. बाबा दर दहा मिनिटांनी विचारत, "बरं आहे ना?" मागून "हो" येई. शिरवळ जवळ आले तसा त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"थांबायला नको," मागून आवाज आला. "चला पुढे. आईकडेच घेऊ चहा."

बाबा काहीच बोलले नाहीत. थोडे अंतर गेल्यावर गाडी हळूच डावीकडे घेऊन त्यांनी एका टपरीपाशी उभी केली, स्टँडवर लावली, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकले. दोन इंच त्यांचेच गेले होते.

बाई खाली उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितले, सीटकडे बघितले.

"दुखतंय?"

"नाही, नाही. जरा पाय मोकळे करतो."

"असं करू या," त्या टपरीवाल्याला दोन बोटे दाखवत म्हणाल्या, "येताना चाचांकडून पुढचा एक इंच परत मागून घेऊ. मला एवढा लागत नाही."